उंचावरच्या दुर्गम हटवर मुक्काम: खोलीत आणि तंबूत रात्र नीट कशी काढावी

डोंगरातल्या दूरच्या हटवरचा, म्हणजे चालणाऱ्यांसाठी असलेल्या निवाऱ्याच्या इमारतीतला, मुक्काम बिघडतो तो बहुतेक वेळा दोन कारणांनी. एक, तिथे काय असेल याचा चुकीचा अंदाज. दुसरं, अंधार पडल्यावर पोचणं. वाट अवघड होती म्हणून हाल झाले, असं त्या मानाने कमी घडतं. म्हणून या लेखात चालण्यापेक्षा मुक्कामावर भर आहे: निघण्याआधी काय विचारायचं, पोचल्यावर पहिल्या तासात काय करायचं, शेगडी आणि तंबू कसे सांभाळायचे आणि सकाळी हट कशी सोडायची.

आधी हट कोणत्या प्रकारची आहे ते कळू द्या

एका देशातला अनुभव दुसऱ्या देशात चालत नाही. स्वित्झर्लंडमध्ये स्विस अल्पाइन क्लबच्या (स्थापना १८६३) बऱ्याच हटवर मोसमात राखणदार असतो, गरम जेवण मिळतं, गादी-पांघरूण असतं. स्लीपिंग बॅगच्या आत घालायचं पातळ अस्तर तेवढं आपलं न्यावं लागतं. मोसम संपला की राखणदार खाली उतरतो आणि बहुतेक ठिकाणी ‘विंटर रूम’ नावाची एक लहान खोलीच उघडी राहते. नॉर्वेतल्या ट्रेकिंग संघटनेच्या (स्थापना १८६८) हटचे तीन प्रकार आहेत: राखणदार असलेल्या, शिधा ठेवलेल्या पण स्वतः रांधून खायच्या, आणि जिथे फक्त निवारा, भांडी आणि इंधन मिळतं अशा. यातल्या अनेक हटना संघटनेचं ठरावीक कुलूप असतं. त्याची किल्ली निघण्यापूर्वीच घेतलेली हवी.

स्कॉटलंडची बोथी याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. माउंटन बोथीज असोसिएशन १९६५पासून अशा सुमारे १०० इमारती स्वयंसेवकांच्या बळावर सांभाळते. दार उघडं, पैसे नाहीत, आणि आतही जवळजवळ काही नाही. नळ नाही, गादी नाही, बहुतेक ठिकाणी शौचालय नाही, लाकूड मिळेलच असं नाही. ‘छप्पर असलेली तंबूची जागा’ समजूनच तिथे जायचं. न्यूझीलंडच्या निसर्गसंवर्धन खात्याकडे ९५०हून जास्त हट आहेत. त्यांत आगाऊ आरक्षण लागणाऱ्या मोठ्या हटही आहेत आणि दोन माणसं जेमतेम मावतील असे पत्र्याचे खोपटेही.

म्हणून हट चालवणाऱ्या संस्थेकडून या गोष्टी स्पष्ट करून घ्या: राखणदार कोणत्या तारखांना असतो, दार उघडं असतं की कुलूप, आणि किल्ली कुठून घ्यायची, गाद्या आहेत का, शेगडी लाकडाची की गॅसची, आणि इंधन हटचं की आपलं, भांडी आहेत का, पाणी कुठून येतं आणि थंडीत गोठतं का, शौचालय वर्षभर उघडं असतं का, तंबू कुठे लावू देतात. शेवटचा प्रश्न लोक हमखास विसरतात: तंबूत राहणाऱ्यांना हटचं स्वयंपाकघर वापरता येतं का? पुष्कळ ठिकाणी येत नाही. मग भर वाऱ्यात बाहेर उभं राहून रांधायची वेळ येते.

आरक्षण असलं तरी निवाऱ्याची दुसरी सोय सोबत असावी, असं आमचं ठाम मत आहे. ‘आधी येईल त्याला जागा’ असा नियम असलेल्या हटवर तर तंबू हवाच. आरक्षण पक्कं असेल तिथे निदान उघड्यावर रात्र काढण्याची बिव्ही पिशवी. वाटेत नदी चढली, कोणाचा पाय मुरगळला, तर हट तीन किलोमीटर पुढे असून काहीच उपयोगाची नसते.

वेळेचा हिशेब

स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ याने १८९२मध्ये मांडलेला ठोकताळा आजही उपयोगी आहे: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. समजा १४ किलोमीटर अंतर आणि ९०० मीटर चढ आहे. चालण्याचे २ तास ४८ मिनिटं, चढाचा दीड तास, म्हणजे ४ तास १८ मिनिटं. हा धडधाकट माणसाचा, न थांबता चालण्याचा वेळ झाला. पाठीवर मुक्कामाची सॅक, विश्रांती आणि खाणं धरून त्याची दीडपट करा: साधारण साडेसहा तास. सूर्य सातला मावळत असेल आणि दोन तास हातात ठेवून पोचायचं असेल, तर साडेदहाच्या आत निघायला हवं.

हे दोन तास चैनीचे नाहीत. पाणी आणणं, लाकूड फोडणं, तंबू ताणणं, ओले कपडे बदलणं ही सगळी कामं उजेडात वीस मिनिटांत होतात आणि अंधारात, वाऱ्यात, बधिर बोटांनी तासभर खातात. वाटेत हिमनदीतून येणारा प्रवाह ओलांडायचा असेल तर हिशेब उलटा बसतो. बर्फ दिवसा वितळतं, त्यामुळे असे प्रवाह पहाटे सर्वांत कमी आणि दुपारनंतर सर्वांत जास्त असतात. तिथे फार पहाटे निघणं किंवा अलीकडच्या काठावर मुक्काम करणं एवढे दोनच शहाणे पर्याय.

सोबत काय, आणि किती

कपड्यांची यादी कुठेही मिळेल, ती इथे देत नाही. झोप, चूल आणि दिवा यांबद्दल मात्र नीट बोलायला हवं.

स्लीपिंग बॅगवर दोन-तीन तापमानं छापलेली असतात: कम्फर्ट, लिमिट, एक्स्ट्रीम. खरेदी करताना कम्फर्टचाच आकडा पाहा. एक्स्ट्रीम हा आकडा झोपेचा नाही, जीव वाचण्याचा आहे. उंचीबरोबर हवा दर १००० मीटरला साधारण ६.५ अंश सेल्सिअसने थंड होते. पायथ्याच्या गावाच्या हवामान अंदाजातून तेवढं वजा करूनच बॅग निवडा. मॅटकडे लोक दुर्लक्ष करतात आणि मग चांगल्या बॅगेत कुडकुडतात. अंगाखाली दबलेल्या भागात हवा राहत नाही, त्यामुळे जमिनीची थंडी अडवण्याचं काम मॅटच करते. मॅटवर ‘आर-व्हॅल्यू’, म्हणजे थंडी अडवण्याच्या क्षमतेचा आकडा, दिलेली असते. गोठणाऱ्या रात्रींसाठी ती ४ किंवा जास्त हवी. दोन मॅट एकावर एक टाकल्या तर त्यांच्या आर-व्हॅल्यूंची बेरीज होते. म्हणून फोमची पातळ मॅट खाली आणि हवेची वर, ही जोडी चांगली. हवेची मॅट पंक्चर झाली तरी फोम उरतो.

गॅसचं गणित असं मांडा. वारा नसताना चांगल्या शेगडीवर एक लिटर पाणी उकळायला १० ते १५ ग्रॅम गॅस लागतो. उंचावरच्या थंडी-वाऱ्यात २० ग्रॅम धरा. दोन माणसांना संध्याकाळी २ लिटर आणि सकाळी दीड लिटर, म्हणजे रोज साडेतीन लिटर. दोन मुक्कामांना ७ लिटर, १४० ग्रॅम. २३० ग्रॅमचं एक डबडं पुरून थोडं उरेल. बर्फ वितळवून पाणी करायचं असेल तर दुप्पट घ्या. शून्य अंशाच्या बर्फाचं नुसतं पाणी करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी पुढे शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापलं असतं.

डबड्यात कोणता गॅस आहे तेही वाचा. साधा ब्युटेन –०.५ अंशालाच वायुरूप होणं थांबवतो, आयसोब्युटेन –११.७ला, प्रोपेन –४२ला. साध्या ब्युटेनचं डबडं गोठलेल्या सकाळी भरलेलं असूनही पेटत नाही आणि लोक ते रिकामं समजतात. आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण घ्या आणि रात्री डबडं बॅगेत पायाशी ठेवा.

हेडटॉर्च प्रत्येकाची वेगळी हवी. फोन पहिल्या मिनिटापासून फ्लाइट मोडवर. रेंज शोधत राहिला तर एका दिवसात बॅटरी संपवतो. त्याच्यावर नकाशा असला तरी कागदी नकाशा आणि होकायंत्र सोबत असू द्या.

पोचल्यावरचा पहिला तास

बूट काढून आडवं होण्याची फार इच्छा होते. तासभर थांबा. घामाने ओला झालेला आतला कपडा मात्र लगेच बदला, कारण थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत अंग गार पडायला लागतं.

मग हटभोवती एक फेरी मारा. धुराड्याचं तोंड मोकळं आहे का, बर्फाने किंवा पक्ष्याच्या घरट्याने बुजलं आहे का? शौचालय कुठे, पाणी कुठे, आणि पाणी शौचालयाच्या वरच्या अंगाला आहे ना? फावडं कुठे आहे? बर्फाच्या दिवसांत ते आत आणून ठेवा. रात्रीतून दारापुढे बर्फ साचलं तर बाहेर राहिलेल्या फावड्याचा काही उपयोग नाही.

आत आल्यावर दारं-खिडक्या उघडून अर्धा तास हवा खेळू द्या, विशेषतः हट बरेच दिवस बंद असेल तर. उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर कोरड्या झाडूने झाडू नका. जगाच्या काही भागांत उंदीर हंता विषाणू पसरवतात आणि तो उडालेल्या धुळीतून श्वासात जातो. लेंड्यांवर जंतुनाशक किंवा ब्लीचचं पाणी शिंपडून पाच-दहा मिनिटं भिजू द्या आणि कागदाने पुसून घ्या.

यानंतर हटच्या वहीत नोंद. ही नोंद निघताना नाही, आल्या आल्या करायची: नावं, माणसं किती, कुठून आलो, किती वाजता पोचलो, उद्या कुठे. राहायचं नसेल, नुसतं टेकून पुढे जायचं असेल तरी लिहायचं. माणूस हरवल्यावर शोधपथक पहिल्यांदा या वह्या पाहतं. नोंद असेल तर शोधायचा टापू एका दरीपुरता उरतो.

बंक (झोपायची फळी) निवडताना सॅक जमिनीवर पसरू नका आणि बाहेर जायच्या वाटेत काहीही ठेवू नका. रात्री धूर झाला तर दारापर्यंत हाताने चाचपडत जावं लागेल, हे धरून चाला. दार आत उघडतं की बाहेर, कडी कशी निघते, खिडकीतून माणूस जाईल का, हे उजेडात एकदा करून बघा.

लाकडाची शेगडी

हटमधल्या बहुतेक शेगड्या पेटत नाहीत त्या ओल्या लाकडामुळे, असं समजलं जातं. पण थंड धुराडं हेही तेवढंच मोठं कारण असतं. धुराड्यातली गार, जड हवा खाली दाबून बसलेली असते; खाली जाळ केला की धूर वर जायच्या ऐवजी खोलीत येतो. उपाय सोपा आहे. धुराड्याची झडप पूर्ण उघडा, कागदाचा एक बोळा पेटवून शेगडीच्या वरच्या बाजूला, धुराड्याच्या तोंडाजवळ धरा. अर्ध्या मिनिटात ज्योत वर ओढली जायला लागते. हवा खेचते आहे हे दिसल्यावरच खालची चूल पेटवा.

जुनी राख काढताना तळाला बोटभर थर राहू द्या, त्यावर निखारे टिकतात. कागद किंवा सालं, त्यावर करंगळीएवढ्या जाड कोरड्या काटक्या उभ्या-आडव्या, त्यावर अंगठ्याएवढ्या. मोठं लाकूड लगेच नको. खालची हवेची खिडकी पूर्ण उघडी ठेवा. दहा-पंधरा मिनिटांनी जाळ भडकला की मनगटाएवढं लाकूड घाला आणि मग खिडकी थोडी थोडी कमी करा. लहान पण सणसणीत जाळ ठेवा. कोंडलेल्या, धुमसणाऱ्या आगीने खोली तापत नाही, लाकूड वाया जातं आणि धुराड्यात डांबरासारखा थर चढतो. एखाद्या दिवशी तोच थर पेट घेतो.

प्लास्टिक, फॉइल, खाण्याची पाकिटं शेगडीत टाकू नका. त्यांचा धूर खोलीतही येतो आणि अर्धवट वितळलेला गोळा पुढच्या माणसाला जाळीतून खरवडावा लागतो.

कपडे शेगडीपासून किमान एक मीटर लांब वाळत घाला. बूट त्याहूनही लांब. तळवा चिकटवणारा गोंद उष्णतेने सुटतो, कातडं आकसून तडकतं, आणि हे लक्षात येतं ते दुसऱ्या दिवशी अर्ध्या वाटेत. आतला तळ बाहेर काढा, कागद कोंबा, तासाभराने कागद बदला.

झोपण्यापूर्वी जाळ विझू द्या. ‘रात्रभर ऊब राहील’ म्हणून भरपूर लाकूड घालून झडप बंद करणं ही हटमधली सर्वांत धोकादायक सवय आहे.

डोकं दुखतंय: उंचीमुळे की धुरामुळे?

धुमसत्या आगीतून आणि बंद जागेत पेटवलेल्या गॅसच्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकेदुखी, मळमळ, गळून गेल्यासारखं वाटणं ही त्याची लक्षणं. विरळ हवेच्या त्रासाची लक्षणंही नेमकी हीच, आणि उंचावर सगळे त्याचंच नाव घेतात. फरक असा ओळखा: एकाच खोलीतल्या अनेकांना एकाच वेळी त्रास सुरू झाला, किंवा मोकळ्या हवेत गेल्यावर थोडं बरं वाटायला लागलं, तर आधी धुराचा संशय घ्या. हट २५०० मीटरच्या खाली असेल तर संशय आणखी पक्का. सगळ्यांनी तडक बाहेर पडा, दारं-खिडक्या सताड उघडा, बाहेर आलेल्यांची मोजदाद करा, मग आग विझवा. बॅटरीवर चालणारा लहान कार्बन मोनॉक्साइड अलार्म मुठीत मावतो आणि ज्यांना हटमध्ये वारंवार राहायचं आहे त्यांनी तो बाळगावाच.

विरळ हवेचा त्रास साधारण २५०० मीटरच्या वर सुरू होतो. ३००० मीटरच्या पुढे झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावं. डोकं दुखत असेल तर त्या दिवशी वर चढायचं नाही; लक्षणं वाढली तर खाली. माणूस सरळ रेषेत टाच-चवडा जोडून चालू शकत नसेल, बरळत असेल किंवा नुसतं बसून असतानाही धाप लागत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. त्याला सोबत देऊन लगेच खाली उतरवा. ३०० ते १००० मीटर उतरल्यावर बहुधा फरक पडतो. त्याला एकट्याला मात्र कधीही पाठवू नका.

पाणी आणि रांधणं

छपरावरून टाकीत आलेलं पाणी स्वच्छ दिसतं, पण छपरावर पक्षी बसतात. ते उकळाच. खळखळून एक मिनिट उकळणं पुरेसं आहे. २००० मीटरच्या वर तीन मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानाला उकळतं. दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू जवळपास १ अंशाने घटतो, म्हणजे ३००० मीटरवर पाणी ९० अंशांच्या आसपास उकळतं. याच कारणाने उंचावर अख्खी कडधान्यं शिजता शिजत नाहीत आणि गॅस संपतो. आधीच शिजवून वाळवलेलं, गरम पाण्यात भिजवून खाता येईल असं अन्न न्या. सुकं अन्न दर माणशी दर दिवशी ६०० ते ८०० ग्रॅम लागतं. वरून आणीबाणीचं एक जेवण.

पोकळ तंतूंचा फिल्टर वापरत असाल तर तो गोठू देऊ नका. आतलं पाणी गोठलं की तंतूंना अदृश्य चिरा पडतात. पाणी पूर्वीसारखंच येतं, पण गाळलं जात नाही. रात्री तो अंगाशी घेऊन झोपा. क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या थंड पाण्यात हळू काम करतात; क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या चिवट जंतूंसाठी चार तास थांबावं लागतं. हिमनदीचं दुधाळ पाणी थेट फिल्टरमध्ये घालू नका, बारीक गाळाने तो बसतो. भांड्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी वरचं निवळ पाणी घ्या.

स्वतःची गॅसची शेगडी हटच्या लाकडी टेबलावर थेट न ठेवता खाली दगड किंवा पत्रा घ्या. खिडकी फटीएवढी उघडी. डबडं बदलायचं असेल तर बाहेर जाऊन, पेटत्या मेणबत्तीपासून लांब.

तंबू

हटजवळ तंबूच्या जागा आखलेल्या असतील तर तिथेच लावा. उंचावरचं शेवाळ आणि गवत तुडवलं गेलं तर भरून यायला कित्येक वर्षं लागतात. जागा आखलेल्या नसतील तर आधी काय टाळायचं ते बघा: कोरडा ओहोळ, दगड कोसळण्याच्या खुणा असलेला उतार, हिमप्रपाताची वाट, खोलगट भाग. रात्री थंड, जड हवा उतारावरून वाहत येऊन खोलगट भागात साठते. ओढ्यापासून थोडं वर, लहानशा उंचवट्यावर रात्र उबदार आणि कोरडी जाते, दहिवरही कमी पडतं.

वाऱ्यात तंबू उभा करताना क्रम महत्त्वाचा आहे. पोल आधी जमिनीवर जोडून तयार ठेवा. तंबूचं कापड उलगडायच्या आधी त्याची पिशवी सॅकखाली दाबा, आणि कापड हातातून सोडायच्या आधी वाऱ्याकडचा कोपरा खुंटीने जमिनीला पक्का करा. मग वाऱ्याकडचा दुसरा कोपरा. तंबूची अरुंद, ठेंगणी बाजू वाऱ्याकडे, दार आडोशाला. त्यानंतर पोल, आणि लगेच वाऱ्याकडच्या दोऱ्या. दोऱ्या ‘गरज पडली तर लावू’ म्हणून ठेवू नका. वादळ रात्री दोनला येतं.

खुंटीचं डोकं तंबूपासून बाहेर झुकलेलं आणि टोक तंबूकडे असावं, म्हणजे दोरीचा ताण खुंटीला जवळजवळ काटकोनात बसतो. उभी ठोकलेली खुंटी वारा हलवत हलवत उपटतो. जमीन खडीची किंवा ज्वालामुखीच्या राखेची असेल तर खुंट्या धरतच नाहीत. तिथे दगडांची युक्ती: दोरीचं टोक दोन मुठींएवढ्या दगडाला बांधा, तो तंबूपासून लांब जमिनीवर ठेवा, आणि त्याच्या व तंबूच्या मधे दोरीवर एक जड दगड ठेवा. वारा ओढतो तसा लहान दगड मोठ्याला भिडून अडकतो. नुसता दोरीवर दगड ठेवला तर दोरी घासून तुटते. निघताना दगड जिथून घेतले तिथे, त्याच बाजूने परत ठेवा.

नायलॉनचं कापड भिजलं की सैल पडतं. झोपण्यापूर्वी एकदा बाहेर येऊन सगळ्या दोऱ्या पुन्हा ताणा. दोन्ही बाजूंचे हवेचे झरोके थंडीतही उघडे ठेवा. बंद केले तर श्वासातलीच वाफ आतून टपकून बॅग ओली करते. तोंड बॅगेच्या आत घालून झोपू नका, त्याच कारणाने. तंबूच्या आत शेगडी पेटवायची नाही, कितीही पाऊस असला तरी.

वारा पोलांना जमिनीपर्यंत वाकवायला लागला तर पोल मोडायची वाट बघू नका. पोल काढा, तंबू जमिनीवर सपाट पाडून वर दगड ठेवा, आणि कोरड्या पिशवीतली बॅग घेऊन हटमध्ये जा. असं करायची वेळ आली तर कोण काय उचलणार हे जेवतानाच ठरवून टाका. हटमधल्यांनीही अशा वेळी जागा करून द्यायची असते. हट भरलेली असली तरी जमिनीवर माणूस मावतो.

रात्र

रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, हा बहुतेक ठिकाणचा रिवाज. पहाटे निघायचं असेल तर सॅक संध्याकाळीच भरून दाराजवळ नव्हे, पण दाराच्या दिशेला ठेवा; पाचला प्लास्टिकच्या पिशव्या कुरकुरवू नका. हेडटॉर्चचा लाल दिवा वापरा.

अन्न बंद पिशवीत घालून छताच्या आकड्याला टांगा. सॅकच्या कप्प्यांत खाण्याचा कणही ठेवू नका आणि चेन उघड्या ठेवा. उंदराला आत शिरायला वाट मिळाली तर तो कापड कुरतडत नाही. न्यूझीलंडमध्ये केआ नावाचा पहाडी पोपट बाहेर ठेवलेले बूट चोचीने फाडतो आणि पळवतोही, म्हणून तिथे बूट कायम आत.

घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून मोजा चढवा आणि मांड्यांमध्ये घ्या, पायांपेक्षा तिथे ऊब जास्त पसरते. झोपण्यापूर्वी लघवी करून या. रात्री लागली तर अंगावर धरून ठेवू नका, झोप तर लागत नाहीच.

शौच

शौचालय असेल तर तेच. कंपोस्ट प्रकारचं असेल तर त्यात कचरा, ओले पुसणे, सॅनिटरी पॅड किंवा जंतुनाशक टाकू नका. जंतुनाशकाने कुजवणारे जिवाणूच मरतात. शौचालय नसेल तर पाण्यापासून, वाटेपासून आणि हटपासून किमान ६० मीटर लांब, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करा, नंतर मातीने बुजवा. कागद पिशवीत घालून परत न्या. झाडीच्या वर माती पातळ आणि थंड असते, तिथे कागद वर्षानुवर्षं कुजत नाही. नुसता खडक किंवा बर्फ असेल तर विष्ठाही परत न्यायच्या जाड पिशव्या मिळतात, त्या वापरायच्या.

निघताना

यासाठी पाऊण तास ठेवा. राख पूर्ण गार झाली आहे असं समजून चालू नका, निखारा राखेत दिवसभर जिवंत राहतो. धातूच्या, झाकणाच्या बादलीत भरून लाकडी ओसरीपासून लांब, उघड्या दगडावर ठेवा. मग लाकूड. जेवढं जाळलं तेवढं फोडून रचा, आणि शेगडीजवळ कोरड्या काटक्यांची एक जुडी जरूर ठेवा. पुढचा गट अंधारात, भिजून, कुडकुडत येईल. कुऱ्हाड हातात धरायची ताकदही कदाचित उरलेली नसेल.

भांडी घासून पालथी घाला. गॅस सिलिंडरवरच बंद करा, शेगडीच्या बटणावर भरवसा नको. गोठणारी थंडी असेल तर बादल्या आणि पिंपं रिकामी करा, नाहीतर फुटतात. जमीन झाडा. स्वतःचा कचरा न्याच, आणि जागा असेल तर आधीच्यांचाही थोडा. ‘कोणाच्या तरी उपयोगी पडेल’ म्हणून अर्धं पाकीट मागे ठेवू नका. ते उंदरांच्याच उपयोगी पडतं. काही तुटलं असेल तर वहीत लिहा आणि संस्थेलाही कळवा. पैसे पेटीत टाकायचे असतील तर चिठ्ठी भरून टाका. खिडक्यांच्या झडपा लावा, दाराची कडी घाला आणि बाहेरून एकदा जोरात ओढून बघा. अर्धवट लागलेलं दार वाऱ्याने उघडतं आणि एका वादळात खोली बर्फाने भरते.

बेत बदलला असेल तर वहीतली कालची नोंद खोडून नवी लिहा. खाली एखाद्या जबाबदार माणसाकडे मार्ग, मुक्काम आणि ‘या तारखेला इतक्या वाजेपर्यंत निरोप आला नाही तर मदत मागव’ अशी ठोस वेळ दिलेली असावी. वाटेत अडकलात तर युरोपात ११२ हा क्रमांक. रेंज नसलेल्या मुलखात ४०६ मेगाहर्ट्झचा आणीबाणीचा बीकन (संकटाचा इशारा पाठवणारं यंत्र) किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र. दोन्ही नसेल तर शिटी किंवा टॉर्च: मिनिटाला सहा इशारे, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन इशाऱ्यांनी येतं. आणि खाली उतरून फोनला रेंज आली की पहिला निरोप त्या माणसालाच पाठवा. तो विसरलात तर तुम्ही गावात निवांत बसलेले असताना स्वयंसेवकांचं पथक तुम्हाला शोधायला डोंगर चढत असेल.